शाबासकीची वही

मागच्या आठवड्यात माळ्यावरची लोखंडी पेटी खाली काढली. कागदांना वाळवी तर लागली नाही ना, एवढंच बघायचं होतं. वाळवी नव्हती. जुन्या टाचणवह्या निघाल्या, बी.एड.च्या पाठांच्या फायली निघाल्या आणि अगदी तळाशी एक लांबट वही निघाली. कव्हरवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं : इयत्ता ६ वी, इंग्रजी, तारे. साल १९८३-८४.

वहीत मुलांची नावं एकाखाली एक आणि प्रत्येकापुढे लाल शाईने काढलेले तारे. पाच शब्दांची स्पेलिंगं बरोबर आली की एक तारा. महिन्याच्या शेवटी ज्याचे तारे जास्त त्याला माझ्या पगारातून एक पेन. पहिल्या तीन नावांपुढे तारे मावेनात, ते समासात गेलेले. आणि खाली एक ओळ अशी की जूनपासून नोव्हेंबरपर्यंत एकसुद्धा तारा नाही. पुढे नावावर आडवी रेघ आणि शेरा, "नाव कमी केले."

त्या कोऱ्या ओळीकडे बराच वेळ बघत बसलो. मग वाटलं, इंग्रजीच्या तासाला बक्षीस आणि शाबासकी देण्याची ही रीत आपल्याकडे आली कुठून, ते एकदा मुळापासून आठवून बघावं. म्हणून हे लिहितो आहे.

माझी पिढी इंग्रजी शिकली ती छडीच्या धाकाने. आमच्या वेळी एबीसीडी पाचवीत भेटायची. 'नाइफ' मधला सुरुवातीचा 'के' विसरला की एक छडी, 'डॉटर' मधले 'जीएच' विसरले की आणखी एक. त्या अक्षरांचा उच्चार होत नाही तर ती लिहायची कशाला, हे विचारायची सोय नव्हती. बरोबर लिहिलं तर काय मिळायचं? छडी मिळायची नाही. तेच बक्षीस.

मानसशास्त्राच्या पुस्तकात याला नावं आहेत. एखाद्या वागण्यानंतर असं काही घडलं की ते वागणं पुन्हा होण्याची शक्यता वाढते, तर ते प्रबलन. हवंसं काही दिलं तर धन प्रबलन, नकोसं काही काढून घेतलं तर ऋण प्रबलन. पुष्कळ शिक्षक ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा समजतात, मीही समजत होतो. पण "पाचही शब्द बरोबर आले, आज गृहपाठ माफ" हे ऋण प्रबलन. छडी मारणं ही शिक्षा. शिक्षेने वागणं थांबतं, नवीन काही येत नाही. आमच्या वर्गात छडीने काय थांबलं? मुलांनी इंग्रजीत तोंड उघडणं थांबलं. चूक होण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, हा धडा मात्र सगळ्यांचा पक्का झाला.

आता जरा मागे जाऊ.

इंग्रजी शिकण्यासाठी या देशात ठेवलेलं सर्वांत मोठं बक्षीस कोणत्याही शाळेने ठेवलेलं नव्हतं. ते सरकारने ठेवलं. १८३५ साली मेकॉलेचं टिपण आलं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण माझ्या मते १८४४ चं वर्ष जास्त महत्त्वाचं. त्या वर्षी गव्हर्नर जनरल हार्डिंग यांनी जाहीर केलं की सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांना आधी घेतलं जाईल. झालं! शेक्सपिअर कोणाला आवडो न आवडो, नोकरी सगळ्यांना हवी होती. आमचं वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलं, म्हणजे ही घोषणा झाल्यानंतर नऊ वर्षांनी. तेव्हापासून इथल्या बापाने मुलाला इंग्रजी शिकायला पाठवलं ते खुर्चीकडे बघूनच. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पिढ्यान् पिढ्या घोटली गेली ती काही केवळ भाषेच्या प्रेमाने नाही. यात कमीपणा मानायचं कारण नाही. गरज हीसुद्धा प्रेरणाच असते. पण बक्षीस इतकं लांब असलं की ते दिसतं फक्त ज्याच्या घरात आधी कोणीतरी ते मिळवलेलं आहे त्यालाच. ज्याच्या सात पिढ्यांत कोणी कचेरीची पायरी चढला नाही, त्याच्या पोराला ते कसं दिसावं?

दुसरं बक्षीस शाळांना लावलं. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर खाजगी शाळांना अनुदान मिळू लागलं. पुढे मुंबई इलाख्यात ते निकालावर बेतलं गेलं. इन्स्पेक्टरसाहेब यायचे, मुलांची परीक्षा घ्यायचे आणि जितकी पोरं पास तितके पैसे शाळेला. ही मूळची विलायतेतली रीत, तिथे १८६२ पासून चालू झालेली. तिथले शाळा तपासनीस आणि कवी मॅथ्यू अर्नोल्ड यांनी तिच्याविरुद्ध पुष्कळ लिहिलं. या रीतीने शिकवणं यांत्रिक होतं, ही त्यांची तक्रार. मास्तर माणूस हिशेब कसा करणार ते मला न वाचताही कळतं. जो पास होणार तो होणारच. काठावरच्याला रेटायचं. आणि अगदी मागे बसलेल्याच्या वाट्याला वेळ घालवायचा नाही, कारण त्याच्यापासून शाळेला एक आणाही मिळायचा नाही.

या सगळ्या बक्षीस व्यवहारावर नेमकं बोट ठेवलं ते महात्मा जोतीराव फुल्यांनी. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन दिलं. आपण ते सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या मागणीसाठी आठवतो, आणि ते बरोबरच आहे. बारा वर्षं वयापर्यंत शिक्षण सक्तीचं करा, ही मागणी त्यात आहे. पण त्याच निवेदनात बक्षिसांबद्दल त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या आहेत. पहिली अशी की शेतकऱ्या-कष्टकऱ्यांच्या मुलांना गुरं राखायला आणि शेतात जावं लागतं, त्यामुळे नुसती शाळा काढून भागणार नाही. त्यांना शाळेत आणण्यासाठी शिष्यवृत्त्या आणि सहामाही किंवा वार्षिक बक्षिसं हवीत, म्हणजे त्यांना विद्येची गोडी लागेल. दुसरी गोष्ट शिष्यवृत्त्यांबद्दल. त्या स्पर्धेने देणं वरवर न्यायाचं दिसलं, तरी त्याने इतर वर्गांत शिक्षण पसरत नाही. म्हणून काही शिष्यवृत्त्या जिथे शिक्षण पोहोचलंच नाही अशांसाठी ठेवा.

ही दोन वाक्यं मी नोकरीत असताना वाचली असती तर बरं झालं असतं. फुले बक्षिसाच्या विरुद्ध नव्हते. बक्षीस कोणाला आणि कशासाठी, एवढंच ते विचारत होते. जो आधीच चालतो आहे त्याला शर्यतीत पदक द्यायचं, की जो उंबऱ्यावर थबकला आहे त्याला आत यायला हात द्यायचा? पुढे १९१७ मध्ये कोल्हापूरला शाहू महाराजांनी सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. हे दुसरं टोक, दंडाचं. पण दंड बापाला होता, पोराला नव्हता, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

बक्षीस कसं असावं याचं मला सर्वांत पटणारं उदाहरण १९०७ चं आहे. त्या वर्षी एल्फिन्स्टन हायस्कुलातून भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले. सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली छोटासा सत्कार झाला. त्यात कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र या मुलाला भेट दिलं. केळुसकर दुसऱ्या शाळेतले शिक्षक. चर्नी रोडच्या बागेत हा मुलगा रोज वाचत बसलेला त्यांना दिसायचा, तिथून ओळख झालेली. पुढे त्यांच्याच खटपटीने सयाजीराव महाराजांकडून कॉलेजसाठी महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. यात स्पर्धा नव्हती, तारे मोजणं नव्हतं. एका मास्तराने एका मुलाला वाचताना बघितलं होतं, आणि बक्षीस म्हणून त्याला आणखी वाचायला दिलं. त्या पुस्तकाचं पुढे काय झालं ते नागपूरच्या दीक्षाभूमीने १९५६ साली पाहिलं.

बक्षिसावर शंका घेणारीही माणसं होती. ताराबाई मोडक यांचं आपल्या वऱ्हाडाशी नातं. त्यांचे यजमान अमरावतीचे वकील. पुढे त्या भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करू लागल्या आणि माँटेसोरीबाईंचा विचार त्यांनी मराठी बालशिक्षणात रुजवला. माँटेसोरीबाईंनी आपल्या पुस्तकात एक प्रसंग सांगितला आहे. एका मुलाच्या गळ्यात बक्षिसाचं पदक होतं आणि तो आपल्या कामात गढून ये-जा करत होता. दुसरा एक मुलगा शिक्षा म्हणून खुर्चीवर बसवलेला. येता जाता पदक खाली पडलं. शिक्षेवाल्याने ते उचललं आणि विचारलं, मी घालू का? कामातल्या मुलाने खुशाल घाल म्हटलं आणि तो आपल्या कामाला लागला. ज्याला काम सापडलं त्याला पदक नको होतं. पदक हवं होतं ते रिकाम्या बसवलेल्याला.

पण आम्ही बी.एड.ला गेलो तेव्हा आमच्यापर्यंत माँटेसोरी पोहोचली नाही, स्किनर पोहोचला. अमेरिकेचे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर. पेटीतला उंदीर, दांडी दाबली की दाणा. १९५३ साली ते आपल्या मुलीच्या गणिताच्या वर्गात जाऊन बसले आणि अस्वस्थ झाले. कारण तिथे मुलांना उत्तर बरोबर की चूक हे लगेच कळतच नव्हतं. त्यातून त्यांनी शिकवण्याचं यंत्र तयार केलं. भाषासुद्धा अशीच प्रबलनातून येते असं त्यांनी १९५७ च्या पुस्तकात मांडलं, आणि दोनच वर्षांनी चॉम्स्की यांनी त्याचं जबरदस्त खंडन केलं. मूल न ऐकलेली वाक्यंही बोलतं, ती कोणत्या बक्षिसातून येतात, असा सवाल होता. हे भांडण आमच्या कॉलेजपर्यंत आलं नव्हतं. आलं होतं ते सूक्ष्म अध्यापन.

ज्यांनी बी.एड. केलं त्यांना आठवत असेल. छत्तीस मिनिटांचं चक्र. सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण, बारा मिनिटं पुन्हा आखणी, सहा मिनिटं पुन्हा पाठ, पुन्हा सहा मिनिटं प्रत्याभरण. त्यात एक 'प्रबलन कौशल्य'. आपलेच सोबती विद्यार्थी होऊन बसायचे आणि एक जण तक्त्यावर खुणा करायचा. 'छान', 'शाबास', 'बरोबर' म्हटलं की एक खूण. मान डोलावली की एक खूण. विद्यार्थ्याचं उत्तर फळ्यावर लिहिलं की एक खूण. मी सहा मिनिटांत चौदा वेळा 'व्हेरी गुड' म्हटलं होतं आणि सर्वांत जास्त गुण घेतले होते. त्या तक्त्यात कितीदा म्हटलं याचा रकाना होता. कोणाला म्हटलं याचा नव्हता.

तेच डोक्यात घेऊन मी शाळेत परत आलो आणि ही ताऱ्यांची वही केली. छडी ठेवून दिली, एवढं मात्र मी स्वतःच्या बाजूने सांगू शकतो.

पहिल्या महिन्यात वर्गात चैतन्य आलं. पोरं शाळा सुटल्यावरही स्पेलिंगं घोकायची. दुसऱ्या महिन्यात दोघं-तिघं सोपे शब्द विचारा म्हणू लागले. तिसऱ्या महिन्यात एकाने लाल शाई मिळवून स्वतःच दोन तारे काढले. दिवाळीच्या सुमारास लाल शाई संपली, पंधरा दिवस मी आणली नाही, तर घोकणं बंद! पाठातली गोष्ट काय आहे हे विचारायला एकही मूल आलं नाही. तारा संपला की इंग्रजी संपली.

आणि ती कोरी ओळ. त्या मुलाच्या बापाचं अकोला-वाशीम रस्त्यावर चहाचं दुकान होतं. पातूर सोडून घाटातून वर आलं की मेडशी, त्यामुळे ट्रक तिथे थांबायचे. पोरगा सकाळी कपबशा विसळून शाळेत यायचा. स्पेलिंग एक धड नाही. एकदा मी वैतागून म्हटलं, "तुला इंग्रजीतलं एक तरी अक्षर वाचता येतं का रे?" तर म्हणाला, "सर, टरकावरचं येते." आणि घडाघडा म्हणून दाखवलं. हॉर्न ओके प्लीज, गुड्स कॅरिअर, नॅशनल परमिट, यूज डिपर ॲट नाइट. वर्ग हसला. मी म्हटलं, "डिपर म्हणजे काय?" खरं सांगायचं तर ते मलाही नीट माहीत नव्हतं. तो म्हणाला, "राती समोरून गाडी आली का लाइट खाली करा लागते सर, नाहीतं त्याले दिसत नाही."

शब्द, त्याचा अर्थ, तो कधी वापरायचा, सगळं त्याच्याजवळ होतं. त्या दिवशी वर्गात इंग्रजी आलेला तो एकटाच असावा. आणि मी काय म्हटलं? "बरं बरं, आता पाठातलं वाच." तारा दिला नाही, कारण शब्द पाठातला नव्हता.

कापूस फुटला तशी त्याची हजेरी तुटली आणि नोव्हेंबरात नाव कमी झालं. शाळा सोडण्याला घरची कारणं होती, माझ्या एका ताऱ्याने ती टळली असती असं मी म्हणणार नाही. पण फुल्यांनी १८८२ मध्ये लिहिलेलं पोरगं ते हेच, आणि एकशे एक वर्षांनी त्याच्यापुढे स्पर्धेचं बक्षीस ठेवणारा मास्तर तो मी.

पुष्कळ उशिरा, निवृत्तीनंतर, एका प्रयोगाबद्दल वाचलं. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर केलेला. रंगीत पेनांनी चित्रं काढायला मुळातच आवडणारी मुलं घेतली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलं तर प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता शेवटी दिलं. काहींना काहीच नाही. काही दिवसांनी वर्गात पेनं पुन्हा ठेवली, तेव्हा बक्षिसाचा करार झालेली मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत बसली. अचानक बक्षीस मिळालेल्यांचा उत्साह कमी झाला नव्हता. या निष्कर्षांवर पुढे वादही झाले. मुळात गोडीच नसेल तिथे बक्षिसाने सुरुवात होते, आणि नेमकं काय चांगलं केलं हे सांगणारी शाबासकी बाधत नाही, हेही दिसून आलं. म्हणजे उंबऱ्यापर्यंत बक्षीस चालतं. आत आल्यावर कामानेच धरून ठेवायला हवं.

सरकारी योजना बघितल्या तरी हेच दिसतं. १९९२ पासून दुर्बल घटकातल्या मुलींना रोजचा एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला. १९९५ च्या पोषण आहार योजनेत ऐंशी टक्के हजेरीवर महिना तीन किलो धान्य मिळायचं, पुढे शाळेतच शिजवलेलं अन्न मिळू लागलं. एक रुपयाला लोक हसायचे. पण ही फुल्यांनी मागितलेल्या जातीची बक्षिसं होती, दारातून आत आणणारी. २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना पहिलीपासून इंग्रजी आली, तेव्हा आमच्यातल्या पुष्कळांनी नाकं मुरडली. पण गाण्यातून आणि खेळातून इंग्रजी बोलणारी लहान पोरं बघितली तेव्हा कळलं, त्यांना तारा लागत नव्हता. 'जम्प' म्हटलं की समोरचा उडी मारतो, हेच त्यांचं बक्षीस. आपण बोललो ते दुसऱ्याला कळलं, याहून मोठं प्रबलन भाषेत नाही.

२०१० पासून शिक्षणहक्काच्या कायद्याने मारणं आणि मानसिक त्रास देणं दोन्ही बंद झालं. त्याच वर्षी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि प्रत्येक मुलाबद्दल शिक्षकाने वर्णनात्मक नोंद लिहायची ठरली. कल्पना सोन्यासारखी. पण थोड्याच दिवसांत तयार नोंदींची पुस्तकं बाजारात आली आणि शंभर मुलांच्या कार्डांवर तीच वाक्यं उतरली. माझे चौदा 'व्हेरी गुड' आणि या नोंदी, दोन्ही एकाच माळेचे मणी. मुलाकडे न बघता दिलेली शाबासकी मुलाला बरोबर कळते.

मी स्वतः त्या वर्षानंतर वही बंद केली. तासाच्या शेवटची पाच मिनिटं राखून ठेवली. बाहेर कुठेही वाचलेला एक इंग्रजी शब्द मुलांनी आणायचा, मी तो फळ्यावर लिहायचा आणि अर्थ ज्याने आणला त्याने सांगायचा. एस.टी.च्या तिकिटावरचा, औषधाच्या बाटलीवरचा, खताच्या पोत्यावरचा. कधीही तोंड न उघडणारी मुलं हात वर करू लागली. एका वर्षी एका मुलीने फवारणीच्या डब्यावरचा शब्द आणला, 'पॉयझन'. घरी तो रिकामा डबा धुऊन तिखट ठेवायला काढला होता. दुसऱ्या दिवशी तिने येऊन सांगितलं, "सर, आईनं फेकला." त्या पोरीला मी कोणता तारा देणार होतो?

असो. त्या मुलाची पुढे गाठ पडली नाही. रस्ता आता रुंद झाला, जुनी दुकानं हलली. अजूनही रात्री समोरून येणाऱ्या गाडीने दिवा खाली केला की तो आठवतो.

शाळेत असलेल्या तरुण शिक्षकांना एवढंच सांगेन. तारे द्या, स्टिकर द्या, टाळ्या द्या, मनाई नाही. फक्त महिन्यातून एकदा तक्ता उलटा धरा आणि खालून वाचा. सर्वांत कोरी ओळ कोणाची आहे ते बघा, आणि त्याच्याकडे जाऊन त्याला काय येतं ते विचारा.